बिनधुराचा विस्तव

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मला मागून 'काठीवाले सुभेदार' म्हणतात. मागून कशाला, तोंडावर म्हणा ना! कुणाच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे, आणि कबुतरं येतात म्हणून खिडकीच्या पट्ट्यांवर प्लॅस्टिक ठोकलंय, असं कळलं की मी झाडूची काठी घेऊन जातो आणि बेल वाजवतो. काहींनी चहा पाजला, काहींनी तोंडावर दार आपटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या देसायांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "सुभेदारसाहेबांना कुणीतरी रिटायर व्हायला सांगा." मी खाली लिहिलं, "झालो होतो, जमलं नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्यांचीच बेल वाजवली.

हे वेड कुठून आलं ते एकदा सांगून टाकतो. आधी पोस्ट सांगतो, मग मुलुंड.

पोस्ट म्हणजे आमची लष्करी चौकी, काश्मीरमध्ये, उंचावर होती. हिवाळ्यात रस्ता बंद व्हायचा. मी तेव्हा हवालदार होतो, सेक्शन कमांडर. माझ्याकडे दहा जवान आणि दोन बंकर. सिव्हिलियन लोकांना वाटतं आम्ही तिथं रोज गोळ्या झाडत होतो. छे! आम्ही रोज बर्फ उपसत होतो. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज, मग हत्यारांची सफाई, मग रेडिओ चेक, मग फावडी. पाणी हवं तर बर्फ वितळवा. रात्रीची ड्युटी केलेल्यांनी सकाळी झोपायचं, बाकीच्यांनी पुन्हा फावडी उचलायची.

बंकरमध्ये बुखारी असायची, म्हणजे रॉकेलवर चालणारी लोखंडी शेगडी. ती नसती तर आम्ही गोठलो असतो. तिच्याबद्दल दोनच ऑर्डर होत्या. बुखारी पेटलेली असेल तर आत एक माणूस जागा पाहिजे. आणि व्हेंटिलेटर उघडा पाहिजे. व्हेंटिलेटर म्हणजे काय, भिंतीतून आरपार घातलेला पत्र्याचा पाइप. त्यातून येणारं वारं थेट झोपलेल्याच्या तोंडावर यायचं. सगळे त्या पाइपला शिव्या घालायचे. मीपण घालायचो.

लान्स नायक मारुती खोत माझा टू-आय-सी होता, म्हणजे माझ्यानंतर सेक्शन सांभाळणारा. कोल्हापूरकडचा गडी, अंगानं आडवा, तोंडानं फटकळ. पण पोस्टची आई म्हणाल तर तोच. कुणी पाणी पीत नसेल तर भरलेला मग घेऊन समोर उभा राहायचा. "पी लेका, न्हाईतर नाक दाबून पाजतो." डाळीतसुद्धा गूळ घालायचा. कुणाचे मोजे ओले असतील तर स्वतःचे काढून द्यायचा आणि वर म्हणायचा, "माझं पाय म्हशीचं हाईत, मला काय होतंय?"

त्या दिवशी सिपाही जाधव तापानं फणफणला होता. रात्रीची ड्युटी करून आला तो उलट्याच करत होता. खोतचीही ड्युटी झाली होती, त्यानं झोपायला हवं होतं. तो म्हणाला, "हवालदारसाब, तुम्ही बर्फ काढा. मी बसतो याच्यापाशी." उलटीला बाहेर जायला सोपं पडावं म्हणून त्यानं जाधवला दाराशी झोपवलं. आम्ही सगळे पुढच्या खंदकात उतरलो. भरपूर बर्फ पडला होता, काम जेवणापर्यंत चाललं.

परत आलो. दार उघडलं. जाधव दाराच्या फटीला तोंड लावून कण्हत पडला होता. खोत आतल्या भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर ब्लँकेट. त्याचे गाल लाल होते. महिनाभर आमची सगळ्यांची तोंडं काळीनिळी पडली होती, आणि याच्या गालावर लाली! मी म्हटलं, "ऊठ की लेका, मस्त शेकत बसलास होय?"

तो उठला नाही. वर बघितलं तर व्हेंटिलेटरच्या पाइपात घडी घातलेलं पोतं कोंबलेलं होतं.

मी रेडिओवर गेलो.

"टायगर, टायगर वन बोलतोय. दोन कॅज्युअल्टी. बुखारी. ओव्हर."

"टायगर वन, दोघांना उघड्यावर काढा. श्वास आहे? ओव्हर."

"एकाचा आहे. ओव्हर."

 मग खालच्या तळावरच्या डॉक्टरसाहेबांचा आवाज आला. "दुसऱ्यालाही सोडू नका. छाती दाबत राहा. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. ओव्हर."

आम्ही आळीपाळीनं दाबत राहिलो. जाधव शुद्धीवर आला आणि बर्फात बसून रडायला लागला, तरी आम्ही दाबतच होतो. शेवटी डॉक्टरसाहेब म्हणाले, "हवालदार, बस करा आता." मी म्हटलं, "नाही साहेब." नोकरीत वरिष्ठाला नाही म्हणायची माझी ती पहिली वेळ.  आम्ही हात चालेनासे होईपर्यंत दाबलं. पण खोत गेला होता.

त्या विषारी वायूचं नाव कार्बन मोनॉक्साइड. जिथं काहीही जळतं आणि हवा कमी पडते तिथं तो तयार होतो. रॉकेल असो, कोळसा असो, गॅस असो. वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. माणसाला वाटतं जरा डोकं जड झालंय, जरा पडावं. पडतो तो पडतोच.

नंतर कंपनी कमांडरसाहेबांनी ऑर्डर काढली. बाहेरच्या संतरीनं फेरीत व्हेंटिलेटरमधून काठी आत घालायची, पाइप मोकळा आहे हे बघायचं, आणि आतल्या जाग्या माणसानं ओ द्यायची. काय म्हणून हाक मारायची ते ऑर्डरमध्ये नव्हतं. कुणी सुरू केलं मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पाइपातून काठी यायची आणि मागून आवाज यायचा, "खोत?" आतला ओरडायचा, "हजर!" पुढे नवीन पोरं आली, त्यांनी खोतला बघितलंसुद्धा नव्हतं. तरी हाक तीच राहिली. मी पोस्ट सोडून खाली आलो तोपर्यंत खोत रोज हजर होता.

आता मुलुंड.

रिटायर होऊन इथं आलो तेव्हा फ्लॅटमध्ये पहिली वस्तू आणली ती कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. हाताच्या पंजाएवढी पांढरी डबी. बायको मंदा म्हणाली, "अहो, लोक आधी फ्रिज घेतात!" मी म्हटलं, फ्रिज नसेल तर दूध नासेल, बाकी काही होत नाही. डबी भिंतीवर लागली. दर रविवारी तिचं टेस्टचं बटण दाबायचं, ती किंचाळली की समजायचं जिवंत आहे.

यंदाच्या हिवाळ्यात आमची वैशाली बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं बाळंतपण, मुलगी झाली. आणि बाळंतिणीचं करायला साताऱ्याकडून माझी अक्का आली.

अक्का माझी थोरली बहीण. आई मला आठवत नाही, मला वाढवलं अक्कानं. तिच्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. सुभेदार झालो तरी तिच्यासाठी मी सदूच. येताना तिनं पिशवीत ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणि लसणीच्या साली आणल्या. आणि हातात धरून, एसटीत मांडीवर ठेवून आणली ती मातीची शेगडी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"कशाला म्हंजे? शेक-शेगडी नको व्हय बाळंतिणीला?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे बाळंतिणीला मालीश करून, न्हाऊ घालून, खाटेवर झोपवतात. खाटेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवतात, निखाऱ्यावर ओवा-शेपा टाकून धुरी देतात. आणि दारं-खिडक्या लावून घेतात, वारं लागू नये म्हणून. मायेनंच करतात, यात वाद नाही.

पहिल्या दिवशी अक्कानं इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणून शेगडी पेटवली, वैशालीच्या खोलीत ठेवली. भिंतीवरची डबी कोकलायला लागली. बाळ दचकलं, वैशाली दचकली. मी शेगडी उचलून गॅलरीत नेली आणि तिच्यावर पातेलंभर पाणी ओतलं.

"अक्का, ही घरात पेटणार नाही."

"आरं, आपल्या घरात चार पिढ्या शेकल्या. येक तरी मेलं का?"

"त्या घराला कौलं होती. भिंतीतून मांजर यायचं-जायचं एवढी फट होती. इथं वर स्लॅब आणि खिडकीला रबर. मुंगीला जायला जागा नाही."

"लई शिकलास. पोरीच्या हाडात वारं शिरलं म्हंजे कळंल."

मंदानं मला आत ओढलं. "अहो, किती बोलता त्यांना! एवढ्या लांबून आल्यात." वैशाली म्हणाली, "बाबा, चिल ना. थोडा वेळच तर असतं." घरात मी एकटा एका बाजूला आणि तिघी दुसऱ्या बाजूला. मी म्हटलं, तिघी काय, अख्खा सातारा जिल्हा आला तरी चालेल. शेगडी नाही म्हणजे नाही.

चार दिवस शांततेत गेले. मग मी अळीव आणायला बाजारात गेलो. बाळंतिणीला अळिवाचे लाडू हवे होते, आणि अक्काला दुकानातला पाकीटबंद अळीव चालत नव्हता. तिनं मला मुद्दाम लांबच्या दुकानात पाठवलं होतं, हे मला नंतर कळलं.

परत आलो तेव्हा घर गपगार होतं. ओव्याचा वास येत होता. मंदा स्वयंपाकघरातून हळू आवाजात म्हणाली, "आवाज करू नका. दोघी छान झोपल्यात." अक्का खोलीच्या बंद दाराबाहेर पाटावर बसली होती. दाराखाली टॉवेलची गुंडाळी घातलेली होती.

"अक्का, आत काय आहे?"

"ओरडू नगंस. तुला धुराचा तरास ना? घे, बिनधुराचा इस्तव आणलाय. त्या इस्त्रीवाल्याकडनं चांगला फुललेला, लालभडक. डोळ्याला पानी नाय की काय नाय."

 तिला वाटलं माझं भांडण धुराशी आहे. मी ओरडलो होतो, पाणी ओतलं होतं, कौलांचा आणि रबराचा विषय काढला होता, पण ज्याच्याशी भांडण होतं त्याचं नाव मी तिला सांगितलंच नव्हतं.

"आणि भिंतीवरची डबी?"

"गॅलरीत टांगलीया. लेकरू दचकतंय तिनं." तिनं कपाळ दाबलं. "कोळशासाठी उन्हात खाली गेले, तवापासनं डोकं उठलंय बघ. पर पोरीला शेक मानवला. गालावर अशी लाली आलीया!"

पिशवी हातातून कधी सुटली कळलं नाही. अळीव सगळ्या हॉलभर पसरला.

अक्का दारापुढे उभी राहिली. "दार उघडू नगंस सदू, वारं लागंल!"

"बाजूला हो."

"न्हाई व्हायची."

मी तिला दोन्ही दंडांना धरून उचललं आणि सोफ्याजवळ ठेवलं. जिनं मला कडेवर घेऊन वाढवलं, तिला मी असं सामानासारखं उचलून बाजूला ठेवलं. दम रोखून आत गेलो. बाळ उचललं, मंदाच्या हातात दिलं. "बाहेर जा. लिफ्टजवळ. मागे बघू नको." मग वैशाली. तिचे गाल खरंच लाल होते. मी हाक मारली तर जीभ जड झालेली. "झोपू दे ना बाबा." मी म्हटलं, "अजिबात नाही," आणि तिला काखेतून धरून ओढत पॅसेजमध्ये आणली. पुन्हा आत जाऊन खिडकी सताड उघडली, शेगडी चिमट्यानं धरून गॅलरीत ठेवली, गॅलरीचं दार ओढून घेतलं.

पॅसेजमध्ये वैशाली भिंतीला टेकून ओकत होती. ते बरं लक्षण वाटलं मला, माणूस ओकतो म्हणजे आहे. पण बाळ गप्प होतं. मंदा त्याच्याकडे बघत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी बाळाला पॅसेजच्या उघड्या खिडकीशी नेलं, तळपायावर टिचक्या मारल्या. काही नाही. पुन्हा मारल्या. मला बर्फातला तो आवाज ऐकू येत होता, हवालदार, बस करा आता. मी मोठ्यानं म्हणालो, "नाही साहेब." मंदाला वाटलं मला वेड लागलं. मी टिचक्या मारतच राहिलो.

आणि मग ती रडली. काय रडली! तिसऱ्या मजल्यावरून देसाई वर धावत आले.

तेवढ्यात गॅलरीतली डबी किंचाळायला लागली. शेगडी मी नेमकी तिच्याखाली ठेवली होती. देसाई दचकले. "हे काय?" मी म्हटलं, "तुम्हाला नको असलेली भानगड. गाडी काढा." त्या माणसानं लगेच गाडी काढली. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण त्यांच्याबद्दल वर वाकडं लिहिलंय.

हॉस्पिटलमध्ये मायलेकींना ऑक्सिजन लावला. अक्कालाही लावला, ती नको नको म्हणत असताना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि निदान तेच सांगितलं. मी लालीचं बोललो तेव्हा म्हणाल्या, "लालीवर जाऊ नका काका. ती उबेनंही येते, आणि नुसती तिची वाट बघत बसलात तर उशीर होतो. एका घरात दोघातिघांचं डोकं एकदम दुखतंय, मळमळतंय, गुंगी येतेय, तर आधी बाहेर पडा." मी मान हलवली. त्या बरोबर होत्या. पण मला त्या दिवशी लालीनंच हलवलं, तेही खरं.

दोघी सुखरूप घरी आल्या. अक्का मात्र आल्या आल्या पिशवी भरायला लागली.

"चालले मी. ज्या घरात भाऊ बहिणीला उचलून टाकतो, तिथं पानी प्यायची न्हाई मी."

मंदानं मला खूण केली, माफी मागा. मी म्हटलं, "अक्का, उचललं त्याचं वाईट वाटतंय. पण पुन्हा पेटवलीस तर पुन्हा उचलीन. शंभरदा उचलीन."

"मी पोरीचं वाईट करीन व्हय रं?" तिचा आवाज फुटला. "वारं लागू नये म्हनून केलं मी."

तेव्हा मी तिच्याजवळ खाली बसलो आणि खोतबद्दल सांगितलं. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, मंदालाही नाही. पोस्ट, ताप, पोतं, पाइप. पाइपातून काठी आणि ती हाक. 

"त्यानं बोळा कशाला घातला?" अक्कानं विचारलं.

"जाधवला वारं लागू नये म्हणून."

अक्कानं पिशवीवरचा हात काढला. म्हणाली, "आई व्हती का त्याला?"

"होती. त्याची ट्रंक घेऊन मीच गेलो होतो घरी. तिनं एवढंच विचारलं, 'थंडी लई व्हती का तिथं?' मी म्हटलं, होती. ती म्हणाली, 'मंग त्यानं काय चुकीचं केलं?'  अक्का, तो चुकलाच होता. पण मी ते त्याच्या आईला कसं सांगणार होतो? तुला सांगतोय."

अक्कानं डोळे पुसले. पदर खोचला. पिशवीतून लुगडं काढून पुन्हा दांडीवर टाकलं. मग स्वयंपाकघरात जाऊन तवा गॅसवर ठेवला, खिडकी उघडली, आणि तव्यावर फडकं तापवायला घेतलं. तापलेलं फडकं दोन हातांत झेलत ती वैशालीच्या खोलीत गेली. शेक असाही देता येतो, हे तिला आधीपासून माहीत होतं. डबी पुन्हा भिंतीवर गेली. मातीच्या शेगडीत आता गॅलरीत तुळस आहे.

शेगडी गेली म्हणून मी थंड बसलो असं समजू नका. इस्त्रीवाल्याला सांगून ठेवलंय, इमारतीतल्या कुणालाही निखारे द्यायचे नाहीत, विचारलं तर माझं नाव सांगायचं. देसायांच्या खिडकीवरचं प्लॅस्टिक त्यांनी स्वतः काढलं. बाकीच्यांचं अजून आहे. लोक म्हणतात, सुभेदार, तुमच्या घरी झालं म्हणून सगळ्यांच्या घरी होतं का? मी म्हणतो, नाही होत. माझ्या पोस्टवरही त्या दिवसापर्यंत झालं नव्हतं. आणि मी काठी वर करतो. घ्या वैताग, मला सवय आहे.

बारशाच्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. पाळणा वैशालीच्या खोलीत होता, दार लोटलेलं. आतून कुणाच्या तरी काकू म्हणाल्या, "अगं बाई, केवढं वारं येतंय, लावा ती खिडकी." खिडकी ओढून घेतल्याचा आवाज आला. मी बाहेर हॉलमध्ये होतो. झाडूची काठी कोपऱ्यात होती. मी उठलो आणि काठीनं दारावर दोनदा ठोकलं.

"खोत?"

 आत कुणीतरी कुजबुजलं, "काय झालं यांना?"

मग अक्काचा आवाज आला, खणखणीत.

"हजर हाय!"

आणि मागोमाग खिडकी पुन्हा उघडल्याचा आवाज आला.